एका बेटाची आणि अंड्यांच्या परवान्याची गोष्ट

सिपादानहून परत आल्यापासून भेटेल तो एकच प्रश्न विचारतोय, "काय काय दिसलं?" आणि मी सांगायला लागले की दोन मिनिटांत समोरच्याचे डोळे घड्याळाकडे जातात. मग म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच काढावं. ज्यांना कंटाळा येईल त्यांना पान बंद करायची सोय आहे :-)

सिपादान म्हणजे बोर्निओ बेटाच्या ईशान्येला, मलेशियाच्या साबा राज्याजवळचं एक टिकलीएवढं बेट. क्षेत्रफळ जेमतेम ०.१३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या शिवाजी पार्कापेक्षा थोडंसंच मोठं. वर झाडी, भोवती पांढरी वाळू. खरी गंमत पाण्याखाली आहे. हे बेट म्हणजे समुद्राच्या तळापासून सहा-सातशे मीटर वर आलेल्या, ज्वालामुखीतून तयार झालेल्या डोंगराचा माथा, आणि त्या माथ्याभोवती प्रवाळ वाढलंय. धक्क्यापासून थोडं पोहत गेलं की पायाखालची जमीन एकदम संपते आणि गडद निळ्या रंगाची पोकळी सुरू होते. पहिल्यांदा त्या कड्यावरून खाली बघितलं तेव्हा पाण्यात असूनही माझ्या पोटात गोळा आला होता.

तिथे येणारा प्रत्येक डायव्हर मनात एक यादी घेऊन येतो. आमच्या बोटीवर यादीवरूनच गप्पा चालल्या होत्या. कुणाला हजारो बॅराकुडांचं गोल गोल फिरणारं वादळ बघायचं होतं (तिथल्या एका जागेचं नावच मुळी बॅराकुडा पॉइंट आहे). कुणाला कपाळावर टेंगूळ असलेल्या आणि दातांनी प्रवाळ कुरतडणाऱ्या बंपहेड पॅरटफिशचा कळप हवा होता. एक गृहस्थ दोनदा येऊन गेले होते, हातोडीसारख्या डोक्याचा हॅमरहेड शार्क न बघता परतले होते, आणि आता इरेला पेटून तिसऱ्यांदा आले होते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "कासव."

आमचा गाइड हसला. "कासव यादीत लिहायचं नसतं," तो म्हणाला, "ते दिसतंच."

आणि खरंच दिसलं. पहिल्याच बुडीत सातपर्यंत मोजली, मग मोजणं सोडून दिलं. मोठमोठी हिरवी कासवं कड्याच्या कपारींत बसून डुलक्या काढत होती. माझ्यापासून हातभर अंतरावरून एक जण (बहुतेक एक बाई) वर श्वास घ्यायला गेली, जाताना माझ्याकडे एकदा बघितलं आणि दुर्लक्ष केलं. घरी फोन केला तर चिपळूणच्या मावशीने विचारलं, "अगं, कासव बघायला एवढ्या लांब कशाला? वेळासला यायचंस की, माझ्याकडे जेवून गेली असतीस." मावशीच्या या बोलण्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

बेटाच्या धक्क्यावर बंदूकधारी जवान होते. मी गाइडला विचारलं, एवढ्याशा बेटावर हे कशाला? त्याने २००० सालची गोष्ट सांगितली. २३ एप्रिलच्या संध्याकाळी फिलिपीन्समधल्या अबू सय्याफ टोळीचे लोक बोटीतून आले आणि इथल्या रिसॉर्टमधून पर्यटक आणि कामगार मिळून २१ जणांना पळवून होलो बेटावर घेऊन गेले. पुढे २००४ च्या अखेरीपर्यंत बेटावरची सगळी रिसॉर्ट हलवण्यात आली, आणि आता पर्यटकाला रात्री तिथे राहता येत नाही. सकाळी परवाना घेऊन जायचं, दुपारी परत. परवानेही मोजके. मग जाता जाता तो म्हणाला, "तसंही हे बेट आमच्याकडे आहे ते कासवांमुळे. कोर्टात कासवांनी साक्ष दिली."

मला वाटलं, पर्यटकांना सांगायची एक गोष्ट. गाइड लोकांकडे अशा खूप असतात. पण घरी आल्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल (हो, तेच न्यायालय, जे कुलभूषण जाधवांच्या खटल्यामुळे आपल्या घराघरात पोचलं) काढून वाचला, आणि दोन रात्री त्यातच गेल्या. गाइड अगदी खरं बोलत होता.

तर गोष्ट अशी.

एकोणिसाव्या शतकात बोर्निओच्या उत्तरेला एका ब्रिटिश कंपनीचं राज्य होतं (आपल्याला कंपनीचं राज्य म्हणजे काय ते समजावून सांगायला नको) आणि दक्षिणेकडे डच होते. दोघांत कुरबुरी नकोत म्हणून २० जून १८९१ ला ब्रिटन आणि नेदरलँड्सने करार केला आणि ४ अंश १० मिनिटे उत्तर अक्षांशावर हद्द ठरवली. ती रेषा सेबातिक नावाच्या बेटाला मधोमध कापत पूर्वेला जाते. पूर्वेला जाते, पण कुठपर्यंत? सेबातिकच्या किनाऱ्यावर थांबते की पुढे समुद्रातही चालत राहते? करार लिहिणाऱ्यांनी ते नीट लिहिलंच नाही. सेबातिकपासून ४२ सागरी मैलांवरची सिपादान आणि तिची शेजारीण लिगितान ही दोन्ही बेटं त्या अक्षांशाच्या किंचित खाली, दक्षिणेला आहेत. म्हणजे रेषा समुद्रात पुढे ओढली तर बेटं डचांची, थांबवली तर कुणाची ते कळायला मार्ग नाही. तेव्हा कुणाला फिकीरही नव्हती. तिथे कायमची वस्तीच नव्हती.

पुढे डचांच्या जागी इंडोनेशिया आला आणि १९६३ साली ब्रिटिशांच्या जागी मलेशिया. १९६९ मधे दोन्ही देश समुद्रतळाच्या वाटणीची बोलणी करायला बसले, तेव्हा नकाशा पसरल्यावर लक्षात आलं की या दोन ठिपक्यांवर दोघंही आपलाच हक्क समजतायत. मग सत्तावीस वर्षं चर्चा. शेवटी १९९६ मधे सुहार्तो आणि महाथिर यांनी ठरवलं की हेगला जाऊ आणि काय होईल ते मान्य करू. १९९७ साली तसा करार झाला, १९९८ मधे प्रकरण कोर्टात गेलं. आपल्याकडे बांधावरून भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात, त्या मानाने हे फारच शहाणपणाने झालं म्हणायचं.

इंडोनेशियाने १८९१ चा करार पुढे केला. मलेशियाने एक लांबलचक वंशावळ मांडली : बेटं मूळची सुलूच्या सुलतानाची, त्याच्याकडून स्पेनकडे, स्पेनकडून अमेरिकेकडे, अमेरिकेकडून ब्रिटनकडे आणि ब्रिटनकडून आमच्याकडे. (सातबाऱ्यावरचे फेरफार वाचल्यासारखं वाटत होतं.) न्यायालयाने दोन्ही गोष्टी नाकारल्या. करारातली रेषा सेबातिकच्या पूर्व किनाऱ्यावरच थांबते, आणि मलेशियाच्या वंशावळीतली सुरुवातीचीच कडी सिद्ध होत नाही. म्हणजे कागदोपत्री वारस कुणीच नाही.

मग उरला एकच प्रश्न. १९६९ च्या आधी, म्हणजे भांडण सुरू व्हायच्या आधी, या बेटांवर सरकार म्हणून प्रत्यक्ष कोण वागलं?

आणि इथे कासव आलं.

१९१७ साली नॉर्थ बोर्निओच्या सरकारने कासव संरक्षणाचा एक कायदा केला. कासवं पकडण्यावर आणि त्यांची अंडी गोळा करण्यावर मर्यादा, त्यासाठी परवाना, आणि स्थानिकांना अंडी गोळा करता यावीत म्हणून काही राखीव बेटं. त्या यादीत सिपादानचं नाव होतं. कासवांची अंडी हाच त्या ओसाड बेटाचा सगळा अर्थव्यवहार. अंड्यांवरून तंटे व्हायचे, ते सरकारी अधिकारी सोडवायचे, आणि सोडवले की दप्तरात नोंद करून ठेवायचे. २८ एप्रिल १९५४ ला तावाउच्या जिल्हा अधिकाऱ्याने कासवं पकडण्याचा एक परवाना दिला, त्यात बेटांची नावं लिहिली आहेत : सिपादान, लिगितान, कापालात, माबुल, दिनावान, सि-आमिल. त्या अधिकाऱ्याने सही केली, शिक्का मारला आणि बहुधा जेवायला गेला असेल. अठ्ठेचाळीस वर्षांनी तो कागद हेगमधे न्यायमूर्तींसमोर उभा राहणार आहे हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

बाकीचा पुरावाही असाच बारीकसारीक. १९३३ साली सिपादान पक्ष्यांसाठी राखीव म्हणून जाहीर झालं. १९६२ मधे सिपादानवर आणि १९६३ मधे लिगितानवर दीपगृह बांधलं. झालं, संपलं. इंडोनेशियाकडे काय होतं? १९२१ साली लिंक्स नावाचं डच लढाऊ जहाज चाच्यांच्या शोधात त्या भागात फिरून गेलं होतं. आणि आमचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या तिथे मासे धरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय १९६० साली इंडोनेशियाने आपल्या सागरी हद्दीचा कायदा केला, तेव्हा स्वतःच्या नकाशात ही बेटं धरलीच नव्हती. शेजारी दीपगृह बांधतोय तेव्हा "अहो, ही आमची जागा आहे" असं साधं पत्रही पाठवलं नव्हतं.

१७ डिसेंबर २००२ ला निकाल लागला. १६ विरुद्ध १ मतांनी दोन्ही बेटं मलेशियाची. न्यायालयाने म्हटलं की मलेशियाच्या बाजूची कृत्यं संख्येने थोडी आहेत, पण ती कायदा करण्याची, कारभार करण्याची आणि तंटे सोडवण्याची अशी तऱ्हातऱ्हांची आहेत, आणि त्यांतून राज्य करण्याचा इरादा दिसतो. कुणी सैन्य उतरवलं नव्हतं की झेंडा रोवला नव्हता. अंडी किती आणि कुणी काढायची याचे नियम केले, आणि नियम केल्याचे कागद जपून ठेवले.

डायव्हर मंडळींसाठी यात एक टोमणाही आहे. १९८० च्या दशकात तिथे डायव्हिंगचं रिसॉर्ट झालं. जाक कुस्तो आपलं कॅलिप्सो जहाज घेऊन तिथे येऊन गेला, १९८९ मधे त्याने तिथल्या कासवांवर चित्रपट केला आणि सिपादान जगभर पोचलं. मलेशियाने न्यायालयात हेही सांगून बघितलं की पर्यटन आम्ही वाढवलं, निसर्ग आम्ही जपला. पण ते सगळं १९६९ नंतरचं, भांडण सुरू झाल्यानंतरचं. म्हणून त्याचं वजन शून्य! आम्ही हजारो मैलांवरून येऊन, कॅमेरे रोखून, बॅराकुडा-हॅमरहेडच्या याद्या करून जे काही करतो ते मालकी ठरवायला काही कामाचं नाही. कामाला आलं ते कासव, जे यादीतही नसतं.

इथपर्यंत वाचून मी खूश होते. छान गोष्ट आहे, सगळ्यांना सांगायची, असं म्हणत होते. पण निकालातल्या दोन जागा मनातून जाईनात.

एक जागा कोळ्यांबद्दलची. इंडोनेशियाचे कोळी तिथे मासेमारी करत असतील, पण खाजगी माणसांनी सरकारी नियमाशिवाय, स्वतःच्या पोटासाठी केलेलं काम मालकीचा पुरावा होत नाही, असं न्यायालय म्हणतं. दुसरी जागा बजाऊ लाउत लोकांबद्दलची. हे समुद्रावर फिरणारे लोक. बोट हेच घर, आजही काही जण तसेच राहतात. ते या दोन ओसाड बेटांचा अधूनमधून वापर करत असतील आणि सुलूच्या सुलतानाशी त्यांची निष्ठाही असेल, पण तेवढ्याने सुलतानाचा बेटांवर हक्क होता असं ठरत नाही, असं तिथे लिहिलंय.

कायदा म्हणून हे बरोबरच आहे, मला मान्य आहे. देशांची भांडणं कुठल्यातरी एका मापाने मोजायलाच हवीत. पण जरा विचार करा. पोट भरायला म्हणून वाळूत हात घालून अंडी काढणारा माणूस वेगळा, आणि त्याला परवाना देणारा वेगळा. बेट ज्याच्या पायाखालचं, तो पुराव्यात नाही. पुराव्यात आहे तो सहीवाला.

माबुल बेटावर आम्ही राहिलो होतो (१९५४ च्या परवान्यात नाव असलेलं तेच माबुल). तिथे रोज संध्याकाळी लहान लहान बजाऊ पोरं होड्या वल्हवत आमच्या धक्क्याशी यायची. सात-आठ वर्षांची असतील. काहीतरी खाऊ द्या म्हणायची. एकाच्या होडीत त्याची धाकटी बहीण पाणी उपसत बसलेली असायची. ही शाळेत जात नाहीत का, असं मी विचारलं तर रिसॉर्टमधली बाई म्हणाली, "त्यांच्याकडे कागद नाहीत." सेम्पोर्नाच्या आसपासच्या बजाऊ लाउतांपैकी कित्येकांकडे कुठल्याच देशाचं नागरिकत्व नाही. आजा इथलाच, बाप इथलाच, पण जन्माची नोंद कुणी केली नाही. त्यामुळे शाळा नाही, सरकारी दवाखान्यात जायची भीती. २०२४ च्या जूनमधे तिथल्याच तुन साकारान सागरी उद्यानातल्या बेटांवरची त्यांची घरं सरकारी यंत्रणेने पाडली. घरं बेकायदा आहेत आणि सुरक्षेचा प्रश्न आहे, असं सरकारने सांगितलं. पाचशेहून जास्त माणसं उघड्यावर आली, असं त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांचं म्हणणं आहे.

अंड्यांच्या परवान्याचा एक कागद होता म्हणून बेटाला देश मिळाला. आणि अंडी काढणाऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांकडे एक कागद नाही म्हणून त्यांना देश नाही. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, कारण फार जुळवून आणल्यासारखं वाटतं. अंडी काढणारे सगळे बजाऊच होते असंही मी म्हणणार नाही. पण त्या होडीतल्या पोराचा चेहरा आठवला की दुसरं काही सुचत नाही.

आता मावशीच्या वेळासबद्दल. गंमत बघा, हेगला निकाल लागला त्याच २००२ साली वेळासच्या किनाऱ्यावर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी कोकणातही अंडी शोधून काढून खाल्ली, विकली जायचीच. मावशी सांगते, तिच्या लहानपणी बाजाराच्या दिवशी कुणीतरी टोपलीत घेऊन यायचं. वेळासला संस्थेने गावकऱ्यांनाच बरोबर घेतलं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्याच घरांत उतरायला लागले, आणि अंडी राखणारा आणि त्यातून चार पैसे मिळवणारा माणूस एकच झाला. सगळं गोड आहे असं नाही, पण मला हा फरक फार मोठा वाटतो. आपल्याकडे त्या माणसाकडे निदान रेशनकार्ड तरी होतं!

आणि कासवाचं काय? सिपादानची मादी दोन-चार वर्षांनी एकदा अंडी घालायला येते. रात्री वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि मागे न बघता समुद्रात जाते. साधारण दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. त्यांतलं एखादंच मोठं होतं, त्याला पंचवीस-तीस वर्षं लागतात, आणि मग ती मादी आपण जन्मलो त्याच भागातला किनारा शोधत परत येते. मधल्या काळात ती इंडोनेशिया, फिलिपीन्स, मलेशिया, सगळ्यांच्या पाण्यात चरून आलेली असते. पारपत्राशिवाय. मला वर जाताना भेटलेली ती बाई जर १९९० च्या आधी जन्मली असेल, तर तिच्या जन्माच्या वेळी हे बेट कुणाचं ते ठरलेलंही नव्हतं. ती आपली परत आलीच.

सिपादानच्या कड्यात पाण्याखाली एक गुहा आहे, टर्टल टूम म्हणतात. आत कासवांचे सांगाडे पडलेत. कासवं मरायला म्हणून तिथे जातात अशी दंतकथा आहे. खरं म्हणजे ती अंधारात वाट चुकतात, आणि श्वास घ्यायला वर यायचा रस्ता सापडत नाही म्हणून बुडून मरतात. मला आत जायची परवानगी नव्हती, त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. तोंडाशी थांबून दिव्याच्या उजेडात दिसलं तेवढं बघितलं आणि वर आले.

असो. तर "काय काय दिसलं?" या प्रश्नाचं हे उत्तर. बॅराकुडांचं वादळ दिसलं, बंपहेडचा कळप दिसला, हॅमरहेड कुणालाच दिसला नाही (ते गृहस्थ चौथ्यांदा जाणार आहेत). कासवं मोजता येणार नाहीत इतकी दिसली. आणि होडीतून पाणी उपसणारी एक मुलगी दिसली, ती कुणाच्याच यादीत नव्हती.

मावशी, मार्चमधे वेळासला येतेय. जेवायलाही येईन.